सिरॅमिक कोळसा ग्रिल घ्यावं का? आधी झाकणाचा हिशोब मांडा

तुम्ही लिहिलेलं आधी थोडक्यात मांडतो. घरात चार माणसं, आठवड्यातून एक-दोनदा कोळशावर स्वयंपाक, सध्या हाताशी ५७ सेंटिमीटरचं पत्र्याचं केटल ग्रिल आणि वर मोकळी गच्ची. ‘सिरॅमिक एकदा घेतलं की आयुष्यभर बघायला नको’ असं सगळे सांगतात, ते कितपत खरं? ३८ सेंटिमीटर व्यासाच्या जाळीचं घ्यावं की ४६ च्या? आणि कोणीतरी वापरलेलं विकतंय, ते चालेल का?

सिरॅमिक ग्रिल चांगलं असतं, त्यात वाद नाही. पण ते तुमच्या कामाचं आहे का, हे एकाच गोष्टीवरून ठरतं. तुमचा बहुतेक स्वयंपाक झाकण लावून होतो की झाकण उघडं ठेवून? मागचे सात-आठ वेळचे पदार्थ आठवून बघा. अख्खी कोंबडी, मांसाचे मोठे तुकडे, पाव, पिझ्झा, तासन् तास धुरावर ठेवायचे प्रकार जास्त असतील, तर सिरॅमिकमध्ये पैसे घालणं योग्य आहे. सळ्यांवरचे तुकडे, भाज्या, पातळ काप, म्हणजे जे दहा-पंधरा मिनिटांत उलटून-पालटून खाली उतरतं तेच जास्त असेल, तर तुमचं केटलच बरं. सिरॅमिक त्या कामात तुम्हाला मंदावेल.

असं का, ते समजून घेतलं की पुढचे सगळे निर्णय सोपे जातात. या ग्रिलचा उगम जपानमधल्या भात शिजवायच्या मातीच्या बंद चुलीत आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकी सैनिकांनी त्या चुली मायदेशी नेल्या. साधी माती उष्णतेच्या चढउतारांनी तडकायची, म्हणून पुढे जास्त तापमानाला भाजलेलं सिरॅमिक आलं. ‘बिग ग्रीन एग’ ही कंपनी १९७४ मध्ये अटलांटात सुरू झाली ती याच प्रकाराची. म्हणजे जात बंद चुलीची. आत कोळसा असलेली जाड भिंतींची भट्टी म्हणूनच तिच्याकडे बघावं.

जाड भिंतींचे परिणाम दोन. पहिला असा, की भिंतीतून उष्णता फार कमी बाहेर पडते, म्हणून तापमान टिकवायला आत छोटीशीच आच पुरते. आच छोटी म्हणजे हवा थोडी लागते, आणि हवा थोडी फिरली की मांसातला ओलावा कमी उडतो. सिरॅमिकमधली कोंबडी रसरशीत निघते त्याचं कारण एवढंच आहे. पत्र्याच्या ग्रिलमध्ये तेच ११० अंश सेल्सिअस टिकवायला कितीतरी जास्त हवा आत ओढावी लागते आणि ती जाताना ओलावा घेऊन जाते. कोळशाची बचतही यातूनच होते. ४६ सेंटिमीटरच्या ग्रिलची आतली भट्टी, म्हणजे कोळसा जळतो ते भांडं, चांगल्या लाकडी कोळशाने काठोकाठ भरली, तर ११० अंशांवर ती रात्रभर आणि वर काही तास, मध्ये एकदाही कोळसा न घालता चालते. काम झालं की हवा आत घेणारी खालची आणि बाहेर सोडणारी वरची, अशा दोन्ही झडपा बंद करायच्या, आच विझते आणि उरलेला कोळसा पुढच्या वेळी वापरता येतो.

दुसरा परिणाम लोकांना घेतल्यावर कळतो. भिंती उष्णता धरून ठेवतात, म्हणजे सोडतही नाहीत. तापमान वर नेणं सोपं, खाली आणणं महाकठीण. ११० वर ठेवायचं होतं आणि लक्ष नव्हतं म्हणून १६० झालं, तर झडपा जवळजवळ बंद करूनही परत खाली यायला तास, कधी त्याहून जास्त लागतो. तोवर आत आच गुदमरते, धुमसायला लागते आणि कडवट पांढरा धूर अन्नाला लागतो. पत्र्याच्या ग्रिलमध्ये हीच चूक दहा-पंधरा मिनिटांत सुधारते. सिरॅमिकवर नवखे लोक वैतागतात ते बहुतांशी याच एका कारणाने.

त्यामुळे पेटवण्याची पद्धत बदलावी लागते. मंद आचेसाठी भट्टी भरून घ्यायची, मोठे तुकडे तळाला आणि बारीक वर. मधोमध एकाच जागी पेटवण्याची एक वडी ठेवायची, झाकण साधारण दहा मिनिटं उघडं. मुठीएवढा भाग लाल झाला की झाकण लावायचं, तेव्हा खालची झडप दोन-तीन बोटं उघडी आणि वरची बरीचशी मोकळी. हव्या त्या तापमानाच्या तीसेक अंश अलीकडेच झडपा आवळायला सुरुवात करायची. ११० अंशांसाठी खालची फट शेवटी पाचेक मिलिमीटरची उरते आणि वरचीही चिरेएवढीच. नेमका आकडा प्रत्येक ग्रिलचा वेगळा, कोळसा आणि वाऱ्याप्रमाणे बदलणारा. झडप हलवली की निदान पंधरा मिनिटं हात लावायचा नाही, कारण बदल दिसायलाच तेवढा वेळ लागतो. अन्न ठेवायची घाई करू नका. आकडा बरोबर आला तरी भिंती तापलेल्या नसतात. अर्धा-पाऊण तास स्थिर राहू द्यावं, आणि धूर पातळ, निळसर, जवळजवळ न दिसणारा झाला की मग जाळी भरावी.

झाकणावरच्या काट्यावर आंधळा विश्वास ठेवू नका. तो घुमटातलं तापमान दाखवतो, आणि सुरुवातीच्या तासात जाळीवर त्याहून दहा-वीस अंश कमी असू शकतं. विकत घेतल्यावर काटा काढून उकळत्या पाण्यात बुडवून बघा. समुद्रसपाटीजवळ तो १०० दाखवायला हवा. बहुतेक काट्यांच्या मागे एक नट असतो, तो फिरवून फरक काढता येतो.

मंद स्वयंपाकात आणखी एक अडचण हमखास येते: तापमान ९०-९५ ला अडकतं आणि झडपा सताड उघडूनही हलत नाही. नव्वद टक्के वेळा तळातल्या जाळीची भोकं चुऱ्याने बुजलेली असतात. टोकाला वाकवलेली जाड तार खालच्या झडपेतून घालून भोकं मोकळी केली की पाच मिनिटांत आच जीव धरते. याच कारणासाठी मी सिरॅमिकमध्ये ब्रिकेट, म्हणजे कोळशाच्या भुकटीच्या दाबून केलेल्या वड्या, वापरत नाही. त्यांची राख कितीतरी जास्त पडते आणि इथे हवेची वाट मुळातच अरुंद आहे. केटलमध्ये त्याच ब्रिकेट उत्तम चालतात. पेटवायचं द्रव इंधन आणि ते आधीच लावलेला कोळसा तर सिरॅमिकच्या जवळही आणू नका. आतला पृष्ठभाग बिनचकाकीचा आणि सच्छिद्र असतो, वास शोषून घेतो आणि पुढच्या कित्येक जेवणांना देतो. त्याच कारणाने आत साबण-पाणीही लावायचं नसतं. चिकटा जाळायचा असेल तर रिकामं ग्रिल ३०० अंशांच्या वर अर्धा तास चालवायचं आणि गार झाल्यावर घासून झाडायचं.

आता उंच आचेचं बोलू. जाहिरातीत सिरॅमिक ४०० अंशांपर्यंत जाताना दाखवतात आणि ते जातंही. पण जाळी निखाऱ्यांपासून बरीच वर असते. जाड काप वरून खरपूस आणि आतून मऊ हवा असेल, तर धग जवळून लागायला हवी. त्यासाठी जाळी खाली नेणारी चौकट किंवा बिडाची पसरट प्लेट वेगळी घ्यावी लागते. शिवाय उंच आचेवर झाकण सारखं उघडलं, की प्रत्येक वेळी ताज्या हवेचा झोत आत जातो आणि आग भडकते. उलटायला चारदा उघडलं तर पाचव्यांदा तुम्ही वेगळ्याच तापमानावर शिजवत असता.

दोन भागांत आच ठेवण्याची सवय असेल, म्हणजे एका बाजूला निखारे आणि दुसरी बाजू रिकामी, तर तिथेही केटल सरस आहे. सिरॅमिकमध्ये अर्धगोल आडपडदा, म्हणजे निखारे आणि अन्न यांच्या मध्ये बसणारी उष्णता अडवणारी थाळी, टाकून भाग करता येतात, पण भिंती सगळीकडून उष्णता परत फेकतात, त्यामुळे ‘थंड’ बाजू फारशी थंड राहत नाही. अन्न घाईने बाजूला सरकवून वाचवायची जागा तिथे मिळत नाही.

पिझ्झा आणि पावासाठी मात्र मी सिरॅमिकचीच बाजू घेईन. फक्त पिझ्झा भाजायचा सपाट दगड थेट आडपडद्यावर ठेवायचा नाही. मध्ये दोनेक सेंटिमीटरची हवेची फट हवी, त्यासाठी उष्णतेला टिकणारे छोटे ठोकळे पुरतात. फट नसेल तर दगड खालून फार तापतो आणि वरचं चीज वितळायच्या आत तळ काळा होतो. दगड जमेल तितका उंच, घुमटाच्या जवळ ठेवायचा, म्हणजे वरून परतणारी उष्णता मिळते. ३०० अंशांच्या आसपास पाऊण ते एक तास तापू द्यायचं. या कामात पातळ पत्र्याचं ग्रिल जवळपासही येत नाही.

उंच आचेवरचा खरा धोका भडक्याचा. झडपा आवळून ठेवलेल्या, आत कोळसा हवेविना धुमसतोय आणि अशा वेळी झाकण झटक्यात उघडलं, तर आत शिरलेल्या हवेने ज्वाला तोंडाकडे झेपावते. झाकण आधी पाचेक सेंटिमीटर उचलायचं, काही सेकंद थांबायचं, पुन्हा टेकवायचं, असं दोनदा करून मगच उघडायचं. तोंड बाजूला आणि हातात कोपरापर्यंतचे हातमोजे. आग विझवायला पाणी कधीही नाही, तापलेलं सिरॅमिक त्याने तडकतं. आणि कोळसा बंद जागेत जाळायचाच नाही. गच्चीला छत किंवा काचा असतील तर कार्बन मोनॉक्साइडचा विचार खरेदीच्या आधी करा. विझताना, झडपा बंद असतानाही तो वायू निघत असतो.

‘आयुष्यभर’ या शब्दाबद्दल. बाहेरचं कवच आणि घुमट खरंच दशकं टिकतात. बाकीचं टिकत नाही. कोळसा ज्या भांड्यात जळतो ती आतली भट्टी सगळ्यात जास्त तापते-निवते, त्यामुळे तिला तडे जाणं नेहमीचं आहे. तडा गेला तरी तुकडे जागेवर बसलेले असतील तर काम चालतं. हाच त्रास टाळायला काही कंपन्या ती भट्टी अनेक तुकड्यांत बनवतात, आणि माझ्या मते घेताना ही रचना बघून घ्यावी. झाकणाच्या कडेचं नमद्याचं गॅस्केट उंच आचेवर जळतं, मागच्या बाजूने आधी. ते बदलायचं म्हणजे जुनं खरवडून काढायचं, कड ॲसिटोनने पुसायची, नवं न ताणता चिकटवायचं आणि एक दिवस तसंच ठेवायचं. काचेच्या तंतूंचं गॅस्केट जास्त टिकतं. घुमटाला धरून ठेवणारे धातूचे पट्टे पहिल्या चार-पाच वेळच्या तापण्याने सैल पडतात, त्यांचे बोल्ट आवळले नाहीत तर उघडताना घुमट पट्ट्यातून निसटतो. ही गोष्ट कागदपत्रांत असते आणि कोणी वाचत नाही. हमीसुद्धा बहुतेक कंपन्यांची सिरॅमिकपुरती आणि पहिल्या खरेदीदारापुरतीच असते. पाडून फुटलं तर ती लागू होत नाही.

फुटण्याचं सगळ्यात मोठं कारण हलवाहलवच असतं. ४६ सेंटिमीटरचं ग्रिल ७० किलोच्या पुढे जातं. चाकांच्या गाड्यावर ठेवून खडबडीत फरशीवरून ढकललं, एक चाक अडलं, की वजन वर असल्यामुळे ते पुढे कलंडतं. हलवायचंच तर ओढत न्या, आणि उचलायचं असेल तर आतले सगळे भाग आधी बाहेर काढा. एकाने खालच्या झडपेच्या तोंडात हात घालायचा, दुसऱ्याने मागे बिजागरीखाली धरायचं. बाजूच्या फळ्या किंवा दांडा धरून उचलू नका. लाकडी टेबलावर ठेवणार असाल तर खाली टेकू देऊन हवा खेळती ठेवा, नुसतं लाकडावर ठेवलं तर लाकूड कोळपतं. गच्चीवर न्यायचं आहे म्हणून जिन्याची रुंदी आणि वळणं आधी मोजा. पावसाचं पाणी वरच्या झडपेतून आत गेलं तर भिंती ते शोषतात. मग पहिली आच मंद ठेवून तास-दोन तास सुकवल्याशिवाय जोरात पेटवू नका, आतल्या ओलाव्याची वाफ झाली की तडा जातो.

आकाराचं उत्तर सोपं आहे. घ्यायचं ठरलं तर ४६. जाळीचं क्षेत्रफळ ३८ च्या जवळजवळ दीडपट होतं, आणि आडपडदा बसवल्यावर कडेने जी रिकामी जागा सोडावी लागते ती दोन्हींत सारखीच असल्याने प्रत्यक्षात फरक त्याहून मोठा पडतो. अख्खी कोंबडी ३८ मध्ये मावते, पण तिच्यासोबत काही मावत नाही. आडपडदे, दगड, वरच्या मजल्याच्या जाळ्या हेही ४६ च्या मापात सगळ्यात जास्त मिळतात. ६१ सेंटिमीटरचं चार माणसांसाठी ओझं आहे. अर्थात, एकट्याने सतत हलवावं लागणार असेल तर ३८ ला माझी हरकत नाही.

मधला एक पर्याय लोक विसरतात. दुहेरी पत्र्याच्या भिंती आणि मध्ये उष्णतारोधक थर असलेलं, याच आकाराचं ग्रिल. वजन बरंच कमी, पडलं तरी फुटत नाही, लवकर तापतं आणि चुकून तापमान वर गेलं तर खालीही लवकर येतं. कोळशाची बचत आणि ओलावा दोन्ही बऱ्यापैकी मिळतात. गंज हा त्याचा शत्रू. राखेचं भांडं ओलं राहिलं की तिथूनच सुरुवात होते. तुम्ही गच्चीवर ठेवणार, कदाचित पुढे घर बदलणार, तर हा पर्याय मनात असू द्या.

आता जे करायला सांगतो ते खरेदीच्या आधी करा, त्यात जवळजवळ काही खर्च नाही. तुमच्या केटलमध्ये ब्रिकेटची सापासारखी रांग लावा: कडेने तीन चतुर्थांश वर्तुळ, खाली दोन, त्यांच्यावर दोन. एका टोकाला आठ-दहा पेटलेल्या ब्रिकेट ठेवा, मध्ये पाण्याचं भांडं, झाकण लावा. वरची झडप पूर्ण उघडी आणि खालची पाव. आच हळूहळू रांगेने सरकते आणि ११०-१२० अंश सहा तास किंवा जास्त टिकतात. असे लांबलचक स्वयंपाक तीनदा करा. काट्याकडे बघत बसायला तुम्हाला मजा येते का आणि घरच्यांना ते खायला आवडतं का, हे कळेल. आवडलं, आणि मधूनमधून कोळसा बघायचा वैताग आला, तर सिरॅमिकची गरज खरी आहे. तिसऱ्यांदा करायचा कंटाळा आला, तर उत्तर तुम्हाला मिळालेलंच आहे. तुमच्या प्रश्नात एक वाक्य होतं, की कामाच्या दिवशी संध्याकाळी पटकन काहीतरी भाजायला हवं. त्या एका वापरासाठी तरी केटल विकू नका. सिरॅमिक नीट तापायला अर्धा-पाऊण तास घेतं, आणि उंच आचेनंतर झाकून ठेवण्याइतकं गार व्हायला रात्र जाते.

वापरलेल्या ग्रिलबद्दल. घ्यायला हरकत नाही, पण थंड असताना आणि उजेडात बघा. आतले भाग बाहेर काढायला लावा, भरलेलं ग्रिल बघून काहीच कळत नाही. कवच आणि घुमट यांवर बोटाच्या पेराने टकटक करा. अखंड असेल तर खणखणीत आवाज येतो, तडा असेल तर बद्द. वरच्या चकाकीवरच्या केसासारख्या बारीक रेषा चालतात. नखाला लागणारी, आतबाहेर दोन्हीकडे दिसणारी रेष असेल तर सोडून द्या. भट्टी किंवा तिच्यावरचं कडं तडकलेलं असेल तर ते भाग त्या मॉडेलसाठी अजून मिळतात का, हे आधी शोधा आणि मगच भावाचं बोला. मग कागदाची पट्टी झाकणात धरून झाकण लावा आणि ओढा. घड्याळाच्या बारा आकड्यांच्या जागी एकेकदा. सगळीकडे सारखा अडथळा जाणवला तर झाकण नीट बसलंय. एखाद्या बाजूला पट्टी सहज निघाली तर गॅस्केट गेलंय किंवा पट्टे सरकलेत, दोन्ही दुरुस्त होतात. शेवटी झाकण अर्ध्यावर उघडून हात सोडा. ते जागेवर थांबायला हवं. धाडकन पडलं तर बिजागरीची स्प्रिंग गेली आहे, आणि तो भाग महाग व जोखमीचा असल्याने किंमत ठरवताना तेवढे पैसे वजा करा.